थॅलेसेमिया: रक्ताबरोबर मणक्यांचीही नोंद ठेवा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

एप्रिल-मे महिन्यांत रक्ताच्या तुटवड्याच्या बातम्या येतात आणि त्या वाचून कोल्हापुरातली मंडळे, तालमी, कॉलेजची मुले रक्तदानाला पुढे सरसावतात. थॅलेसेमिया, म्हणजे तांबड्या पेशी नीट न बनण्याचा जन्मजात आजार, ज्या घरांत आहे त्यांच्यावर हे फार मोठे उपकार आहेत. मात्र या बातम्यांत रक्ताचा संबंध मुलाच्या चेहऱ्यावरच्या तजेल्याशी आणि जीव वाचण्याशी जोडला जातो. हाडांशी, त्यातही पाठीच्या मणक्यांशी तो किती घट्ट आहे, हे फारसे छापून येत नाही. थॅलेसेमिया मेजरचे, म्हणजे नियमित रक्त चढवावे लागणारे मूल आज नीट उपचार मिळाले तर चाळिशी-पन्नाशी गाठते, नोकरी करते, संसार करते. पण हाडांकडे लक्ष नसेल तर ऐन तिशीत त्याचे मणके साठी उलटलेल्या माणसासारखे ठिसूळ झालेले असतात. नियमित रक्त घेणाऱ्या रुग्णांतही साधारण निम्म्यांची हाडे विरळ झालेली आढळतात. हे बरेचसे टाळता येते, निदान वेळेत ओळखता तरी येते, म्हणून हे पत्र.

तांबड्या पेशी मणके, फासळ्या, कमरेचे हाड यांच्या आतल्या मज्जेत तयार होतात. थॅलेसेमियात मज्जा पेशी बनवते खरी, पण त्यातल्या बहुतेक अर्धवट अवस्थेतच मरून जातात. पेशी कमी पडल्या की मज्जा आणखी फुगते आणि जागा करून घेण्यासाठी हाडाला आतून पोखरते. गालफडे वर येणे, कपाळ पुढे येणे हे त्याचे दिसणारे रूप. मणक्यात तेच चाललेले असते, पण ते दिसत नाही. वेळेवर रक्त मिळाले की मज्जेचा हा जोर ओसरतो. रक्त चढवण्याआधीचे हिमोग्लोबिन ९.५ ते १०.५ च्या आसपास राहावे, असे म्हणतात ते यासाठीही. पिशवी मिळाली नाही म्हणून तारीख पंधरा दिवस पुढे गेली आणि हिमोग्लोबिन ७ वर आले, तर मूल फिके पडते, धापा टाकते, हे घरच्यांना कळते. त्याच पंधरा दिवसांत मज्जा पुन्हा फुगू लागते, ते कळत नाही. दर उन्हाळ्यात असेच होत राहिले की नुकसान साचत जाते.

मंडळांना इथेच एक विनंती. तांबड्या पेशींची पिशवी, त्यात घातलेल्या द्रावणानुसार, ३५ ते ४२ दिवसच टिकते. फेब्रुवारीतल्या शिवजयंतीला एकाच दिवशी दोनशे पिशव्या जमल्या, तरी त्यातली एकही मे महिन्यात कामाला येत नाही. शिबिर एप्रिलच्या अखेरीस आणि पुन्हा मेच्या मध्यावर, छोटे का होईना, ठेवले तर त्याचा उपयोग जास्त. तारीख ठरवण्याआधी रक्तपेढीला विचारावे.

हाडे पोखरण्याचे दुसरे कारण लोह. रक्ताच्या एका पिशवीत साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह असते आणि शरीर दिवसाला जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम बाहेर टाकते. उरलेले यकृतात, हृदयात आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीत साठते. ही ग्रंथी बिघडली की मुलगा-मुलगी वयात येण्याचे हार्मोन तयार होत नाहीत, आणि त्या हार्मोनशिवाय हाड भरत नाही. थायरॉइड, पॅराथायरॉइड, स्वादुपिंड यांवरही लोहाची झळ बसते. यकृतात लोह साठले की ‘ड’ जीवनसत्त्वाचे पुढचे रूपांतर मंदावते. शिवाय हाड बांधणाऱ्या पेशींनाही लोह थेट मारक ठरते. म्हणजे लोह काढण्याची औषधे चुकवणे हे फक्त हृदयाशी खेळणे नाही, ते मणक्यांशीही खेळणे आहे. फेरिटिन, म्हणजे साठलेल्या लोहाचा अंदाज देणारा रक्तातला आकडा, १००० च्या खाली ठेवण्याचा आग्रह धरला जातो, त्यामागे हेही आहे.

याच औषधांची दुसरी बाजूही पालकांना माहीत असावी. पंपाने पोटाच्या त्वचेखाली दिले जाणारे डिफेरॉक्सामिन लहान वयात, शरीरातले लोह कमी असताना जास्त मात्रेत दिले गेले, तर मणके चपटे होतात आणि धड आखूड राहते. वाढत्या मुलांत दिवसाला किलोमागे ४० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, असा दंडक त्यामुळेच आहे. डिफेरासिरॉक्सवर असलेल्या काहींच्या लघवीतून कॅल्शियम जास्त जाते आणि मूतखडे होतात. डिफेरिप्रोनने गुडघे दुखू शकतात, आणि तो त्रास हाडाच्या ठिसूळपणाचा नसतो. यातले काहीही आढळले तरी औषध आपल्या मनाने बंद करायचे नाही. मात्रा बदलणे, औषध बदलणे हे डॉक्टरांच्या हातात आहे आणि तसे करता येते.

आता मुख्य मुद्दा. मणका मोडणे म्हटले की लोकांना अपघात, जिन्यावरून पडणे आठवते. थॅलेसेमियात तसे काही घडावे लागत नाही. पावसात ओलसर झालेले पुठ्ठ्याचे खोके वरच्या वजनाने जसे एका बाजूने दबते, तसा मणका पुढच्या बाजूने दबतो. मागची बाजू उभी, पुढची खचलेली, म्हणजे पाचरीचा आकार. पाठीच्या मध्यावरचे सातवा-आठवा मणका आणि पाठ-कंबर जिथे जुळते तिथले बारावा पाठीचा व पहिला कमरेचा हे सर्वांत जास्त दबतात. कधी जोरात खोकल्याने, कधी पाण्याची घागर उचलल्याने, कधी खड्ड्यातून गाडी आदळल्याने हे होते. ज्यांची हाडे विरळ झाली आहेत अशांचे दबलेले तीन मणके घेतले, तर त्यांतल्या साधारण दोहोंचा त्या वेळी पत्ताही लागत नाही. थोडी पाठ भरून येते, चार दिवसांनी कमी होते, आणि घरात ‘रक्त कमी झालंय, त्यामुळे अंग दुखतंय’ असे म्हणून विषय संपतो. एकदा मणका दबला की शेजारचा दबण्याची शक्यता वाढते, म्हणून पहिला सापडणे महत्त्वाचे.

तो सापडण्याचे सर्वांत स्वस्त साधन उंची मोजणे हे आहे. ते जवळपास कुठेच नीट होत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. चप्पल-मोजे काढून, केस मोकळे करून, पाठ भिंतीला लावून उभे करावे. टाचा जुळवलेल्या, टाचा, नितंब आणि खवाटे भिंतीला टेकलेले. डोळ्याचा खालचा काठ आणि कानाचे भोक एका आडव्या रेषेत यावे, हनुवटी वर उचलली की आकडा चुकतो. एक लाकडी पट्टी डोक्यावर भिंतीशी काटकोनात टेकवून खूण करावी. तीनदा मोजून सरासरी घ्यावी. दिवसभरात माणसाची उंची सेंटिमीटरभर कमी होते, म्हणून प्रत्येक वेळी साधारण एकाच वेळेला, सकाळी रक्त लावण्याआधी मोजावे. नंतर बसकी उंची. माहीत असलेल्या उंचीचे सपाट स्टूल भिंतीला लावायचे, मुलाला ताठ बसवायचे, जमिनीपासून डोक्यापर्यंतची उंची घ्यायची आणि त्यातून स्टुलाची उंची वजा करायची. एकूण उंची वाढते आहे पण बसकी उंची थांबली आहे, तर पाय वाढताहेत आणि धड मागे पडते आहे. मणके दबलेत किंवा औषधाने चपटे होताहेत का, हे लगेच पाहायला हवे.

मुलांची उंची दर सहा महिन्यांनी, वाढ पूर्ण झालेल्यांची वर्षातून एकदा मोजावी. वयात येण्याआधी मूल वर्षाला साधारण ५ सेंटिमीटर वाढते, ४ पेक्षा कमी वाढले तर कारण शोधावे. मोठ्या माणसाची उंची आधीच्या नोंदीपेक्षा २ सेंटिमीटर घटली तर दुखत असो वा नसो, मणक्यांचा एक्स-रे काढावा. घरच्या घरी पाहता येण्यासारखी आणखी दोन चिन्हे आहेत. टाचा व पाठ भिंतीला टेकवून सरळ उभे राहिल्यावर डोक्याची मागची बाजू भिंतीला लागत नसेल, तर पाठीचा मणका दबला असण्याची शंका घ्यावी. बाजूने सर्वांत खालची फासळी आणि कमरेचे हाड यांत दोन बोटेही मावत नसतील, तर कमरेचा.

एक्स-रे समोरून काढून भागत नाही. दबलेला मणका बाजूने दिसतो. पाठीचा आणि कमरेचा असे दोन वेगळे, बाजूने काढलेले एक्स-रे लागतात, आणि चिठ्ठीवर ‘थॅलेसेमियाचा रुग्ण, मणके दबलेत का ते मणक्यांची उंची मोजून सांगावे’ असे लिहिलेले असावे. कारण सांगितले नाही तर अहवालात ‘हाडे विरळ दिसतात’ एवढेच येते आणि पाचर झालेला मणका राहून जातो. शेजारच्या मणक्यांच्या मानाने २० ते २५ टक्के उंची कमी झाली तर सौम्य, २५ ते ४० टक्के मध्यम, त्यापुढे तीव्र, अशी प्रतवारी असते. अहवालात ती मागून घ्यावी.

हाडांची घनता डेक्सा यंत्रावर मोजतात. वयाच्या दहाव्या वर्षापासून ही तपासणी सुरू करावी आणि दर एक-दोन वर्षांनी करावी. किरणांचे प्रमाण छातीच्या साध्या एक्स-रेपेक्षाही कमी असते, त्यामुळे भिण्याचे कारण नाही. पण डेक्सा चुकीची काढली जाते आणि त्याहून जास्त वेळा चुकीची वाचली जाते. तपासणीआधी २४ तास कॅल्शियमची गोळी घेऊ नये, पोटातली न विरघळलेली गोळी मणक्यावर पांढरी दिसते. बेरियम किंवा इतर रंगद्रव्य देऊन तपासणी झाली असेल तर आधी सांगावे. धातूची बटणे, पिना, चेन काढावी. आपल्याकडे मुलांच्या कमरेला चांदीचा करदोटा असतो, तो नेमका कमरेच्या मणक्यांवर येतो. तो काढायला सांगायचे तंत्रज्ञाच्या लक्षात राहिले नाही, तर पालकांनी आठवणीने काढावा.

अहवालात टी-स्कोअर आणि झेड-स्कोअर असे दोन आकडे छापून येतात. टी-स्कोअर तिशीच्या निरोगी माणसाशी तुलना करतो, म्हणून तो पन्नाशीपुढच्या पुरुषांना आणि पाळी गेलेल्या स्त्रियांना लावायचा. मुलांना व तरुणांना झेड-स्कोअर, म्हणजे त्यांच्याच वयाच्या लोकांशी तुलना. बारा वर्षांच्या मुलाला टी-स्कोअर पाहून ‘ऑस्टिओपोरोसिस’ (हाडांचा ठिसूळपणा) म्हणणे चूक आहे. झेड-स्कोअर उणे २ किंवा त्याखाली असेल तर घनता वयाच्या मानाने कमी. त्यातही पेच आहे. थॅलेसेमियाची मुले ठेंगणी असतात, आणि यंत्र हाडाची जाडी मोजू शकत नाही, त्यामुळे लहान चणीच्या मुलाचे हाड आहे त्यापेक्षा जास्त विरळ दाखवले जाते. उंचीनुसार दुरुस्त केलेला आकडा मागावा. उलट चूक मोठ्यांत होते. दबलेल्या मणक्यात तेवढेच हाड कमी जागेत बसते, त्यामुळे घनता चांगली दिसते. ‘आकडा सुधारला’ म्हणून घरी पेढे वाटले जातात आणि प्रत्यक्षात मणका खचलेला असतो. असा मणका मोजणीतून वगळून उरलेल्यांचीच सरासरी घ्यावी लागते, आणि त्यासाठी बाजूचा एक्स-रे आधी हातात हवा. मुलाला विशेष आघाताशिवाय एक जरी मणका दबलेला सापडला, तरी ते ऑस्टिओपोरोसिसच, मग डेक्साचा आकडा काही का असेना.

दरवर्षी शक्यतो त्याच यंत्रावर जावे. दोन यंत्रांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, आणि दोन-तीन टक्क्यांचा फरक मोजणीतलाही असू शकतो. मोफत शिबिरांत टाच यंत्रात ठेवून जी ‘हाडांची तपासणी’ होते ती ध्वनिलहरींची असते. मणक्यांबद्दल ती काहीच सांगत नाही. तिचा चांगला निकाल पाहून डेक्सा टाळू नये.

पाठ दुखण्याचे प्रत्येक कारण मणका दबणे नसते, आणि काही कारणांत एक दिवसही घालवून चालत नाही. ज्यांना रक्त क्वचित लागते अशा थॅलेसेमिया इंटरमीडियाच्या रुग्णांत मज्जा मणक्याशेजारी, हाडाबाहेरही वाढते आणि मज्जारज्जूवर दाब आणते. पायांत मुंग्या, पाय लटपटणे, बसण्याच्या जागी बधिरपणा, लघवी अडणे किंवा नकळत होणे, यांतले काही दिसले तर त्याच दिवशी एमआरआयची सोय असलेल्या रुग्णालयात जावे, आजार थॅलेसेमिया आहे हे पहिल्या वाक्यात सांगावे. वेळेत कळले तर रक्त देऊन, औषधांनी किंवा किरणोपचाराने ही वाढ कमी करता येते. पाठदुखीबरोबर ताप असेल तर मणक्यातला जंतुसंसर्ग शोधावा लागतो, पांथरी काढलेली असेल तर अधिकच तातडीने.

दुखते म्हणून औषधाच्या दुकानातून डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन घेण्याची सवय घातक आहे. डिफेरासिरॉक्स चालू असताना या गोळ्यांनी पोटात रक्तस्राव होण्याचा आणि मूत्रपिंडाला इजा होण्याचा धोका वाढतो. तात्पुरती पॅरासिटामॉल घ्यावी आणि डॉक्टरांना दाखवावे. दुसरी सवय खास आपल्या भागातली. पाठ धरली की तालमीत जाऊन चोळून घ्यायची, कंबर ‘मोडून’ घ्यायची. वस्तादांचा हात पैलवानाच्या कसलेल्या शरीरासाठी आहे. थॅलेसेमियाच्या मुलाच्या पाठीवर गुडघा देऊन कणा सरळ करायला गेले तर चांगला मणकाही खचतो. वस्तादांनीच अशा मुलाला परत पाठवावे, अशी त्यांना हात जोडून विनंती.

आहाराविषयी. मोठ्या मुलांना व प्रौढांना दिवसाला आहारासकट १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. एक पेला दुधात साधारण २५० ते ३०० मिलिग्रॅम असते, १०० ग्रॅम नाचणीत ३५० च्या आसपास. दोन पेले दूध, वाटीभर दही, नाचणीची भाकरी किंवा आंबील एवढ्यात बरेचसे भागते, गोळी उरलेल्यासाठी. ज्यांना मूतखडा झाला आहे त्यांनी लघवीतले कॅल्शियम तपासल्याशिवाय गोळी सुरू करू नये. कॅल्शियम कार्बोनेट जेवणाबरोबर घ्यावे. थायरॉइडची गोळी चालू असेल तर तिच्यात आणि कॅल्शियममध्ये चार तासांचे अंतर ठेवावे. डिफेरिप्रोन आणि जस्ताच्या गोळीतही तेवढेच अंतर. लोह काढण्याच्या औषधांबरोबर जस्तही निघून जाते, म्हणून त्याची पातळी पाहावी लागते.

कोल्हापुरात कट्ट्यावर समोर म्हैस पिळून धारोष्ण दूध पिण्याची रीत आहे. दूध उत्तमच, पण या मुलांना ते कच्चे देऊ नये. शरीरात जास्त लोह आणि त्यात डिफेरॉक्सामिन, अशा रुग्णांत यर्सिनिया नावाचा जंतू झपाट्याने वाढतो, आणि तो कच्च्या दुधातून येऊ शकतो. ब्रुसेला हा जंतूही त्याच वाटेने येतो आणि तो मणक्यातच ठाण मांडतो. दूध घरी आणून उकळून प्यावे. ताप, पोटदुखी, जुलाब सुरू झाले तर डिफेरॉक्सामिन थांबवून लगेच डॉक्टर गाठावेत. हाडे मजबूत करणारी टॉनिके घेताना बाटलीवर ‘फेरस’, ‘फेरिक’, ‘आयर्न’ किंवा लोहभस्म, मंडूर असे काही लिहिले आहे का ते वाचावे. असेल तर ते या घरात नको.

‘ड’ जीवनसत्त्वाची पातळी वर्षातून दोनदा तपासावी आणि ३० नॅनोग्रॅमच्या वर ठेवावी. सकाळच्या कोवळ्या उन्हाने हे जीवनसत्त्व फारसे तयार होत नाही, त्यासाठी अकरा ते तीनमधले ऊन लागते आणि हात-पाय उघडे असावे लागतात. पातळी २० च्या खाली असेल तर बहुतेक डॉक्टर ६० हजार युनिटची पुडी आठवड्याला एक, अशी सहा ते आठ आठवडे देतात आणि मग महिन्याला एक. ती जेवणानंतर किंवा दुधाबरोबर घ्यावी, स्निग्ध पदार्थाबरोबर जास्त शोषली जाते. इथे दोन्ही टोकांच्या चुका होतात. काही जण आठ आठवड्यांनंतर थांबतात आणि वर्षभरात पातळी पुन्हा खाली येते. काही जण ‘ताकदीची पुडी’ म्हणून वर्षभर दर आठवड्याला घेतात. त्याने रक्तातले कॅल्शियम वाढते, मळमळ, बद्धकोष्ठता, सारखी तहान लागते, खडे होतात. हाता-पायांत मुंग्या किंवा वांब येत असतील तर पॅराथायरॉइडची तपासणी करून घ्यावी. ती ग्रंथी मंदावली असेल तर नुसत्या पुडीचा पुरेसा उपयोग होत नाही, वेगळ्या रूपातले ‘ड’ जीवनसत्त्व द्यावे लागते.

आता ज्याबद्दल घरात बोलले जात नाही ते. मुलीच्या शरीरात १३ व्या वर्षापर्यंत आणि मुलाच्या १४ व्या वर्षापर्यंत वयात येण्याची कोणतीच खूण दिसली नाही, तर हार्मोनतज्ज्ञाला दाखवायलाच हवे. ‘आजारी मूल आहे, उशिरा येईल’ असे म्हणत सतराव्या-अठराव्या वर्षापर्यंत थांबणे, ही हाडांच्या दृष्टीने सर्वांत महागात पडणारी चूक आहे. आयुष्यभर पुरणारे हाड दहा ते वीस या वयात भरते. ती वर्षे हार्मोनशिवाय गेली तर पुढे कितीही कॅल्शियम दिले तरी ती तूट पूर्णपणे भरून निघत नाही. सुरू झालेली पाळी बंद होणे, मोठ्या मुलाला दाढी-मिशी न येणे, हीसुद्धा तीच खूण. उपचार आहेत, गोळ्या, जेल, इंजेक्शने. लाज कसली त्यात.

एवढे करूनही मणके दबले किंवा घनता घसरत गेली तर हाडांची झीज रोखणारी औषधे आहेत. झोलेड्रोनिक ॲसिडची सलाइन देण्याआधी तीन गोष्टी झालेल्या हव्यात: ‘ड’ जीवनसत्त्व व कॅल्शियम पुरेसे आहे याची खात्री, मूत्रपिंडाचे काम दाखवणारी क्रिएटिनिनची रक्ततपासणी, आणि दातांची तपासणी. काढायचा दात आधीच काढून घ्यावा, कारण या औषधानंतर क्वचित जबड्याचे हाड बरे होत नाही. डिफेरासिरॉक्सनेही क्रिएटिनिन वाढते, म्हणून तो आकडा त्याच आठवड्यातला असावा. औषध १५ मिनिटांपेक्षा कमी वेळात जाऊ देऊ नये. नंतर दोन-तीन दिवस ताप, अंगदुखी होते. सामान्य माणसाला ‘औषधाचा ताप’ म्हणून घरी थांबवता येते. डिफेरिप्रोनवर असलेल्या किंवा पांथरी काढलेल्या रुग्णाला नाही. त्याच्या पांढऱ्या पेशी त्याच दिवशी मोजाव्यात. आठवड्याची अलेंड्रोनेटची गोळी उपाशीपोटी, पूर्ण पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि अर्धा तास आडवे होऊ नये, नाहीतर अन्ननलिका सोलवटते. डेनोसुमॅबचे इंजेक्शन दर सहा महिन्यांनी असते. ते मध्येच सोडले तर झीज उसळून येते आणि एकामागून एक मणके दबतात, म्हणून परवडेल का, पुढची तारीख पाळता येईल का, हे सुरू करण्याआधीच ठरवावे. मूल होऊ देण्याचा विचार असलेल्या स्त्रियांनी यांपैकी काहीही घेण्याआधी तसे सांगावे.

हाडाला वजन पेलण्याची सवय लागते, म्हणून मुलाला घरात बसवून ठेवू नये. चालणे, जिना चढणे, पालथे झोपून छाती थोडी उचलणे चांगले. पोहणे दमासाठी उत्तम, हाडासाठी कमी. रक्त लावण्याच्या आधीचे तीन-चार दिवस बेताने घ्यावे. हृदयाची तपासणी झाल्यावर व्यायाम ठरवावा. ज्यांची घनता कमी आहे किंवा पांथरी वाढलेली आहे त्यांना कुस्ती, फुटबॉल नको. कोल्हापूरच्या पोराला हे सांगणे अवघड आहे, पण सांगावे लागते. मणका दबलेल्याने पायाचे अंगठे धरण्याचे, कमरेतून पुढे वाकण्याचे व्यायाम करू नयेत, सूर्यनमस्कारही त्यात आले. भरलेला सिलिंडर तीस किलोच्या घरात जातो, तो इतरांनी उचलावा. चंदगड, गगनबावडा, शाहूवाडीहून एसटीने येणाऱ्यांनी शेवटचे बाक टाळावे, मागच्या चाकामागे आदळ सर्वांत जास्त बसते. मधली जागा घ्यावी. कंडक्टर आणि सहप्रवाशांनी ती द्यावी.

मणका नुकताच दबला असेल तर दोन-चार दिवस विश्रांती पुरते. महिनाभर अंथरुणात ठेवले की हाड आणखी झिजते. उठताना आधी कुशीवर वळावे, पाय खाली सोडावेत आणि हाताने रेटा देऊन उठावे, उताणे असताना झटक्याने उठू नये. पट्टा डॉक्टर सांगतील तेवढेच आठवडे. शाळेत दप्तर मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शापेक्षा जड नसावे, हा नियम सगळ्याच मुलांसाठी आहे, या मुलांच्या बाबतीत तो काटेकोर पाळावा. पीटीच्या तासाला कायमचे वर्गात बसवू नये, त्याला झेपेल ते करू द्यावे.

जिल्ह्यात जिथे जिथे थॅलेसेमियाचे रक्त चढवले जाते, तिथल्या प्रमुखांकडे आमचे एकच मागणे आहे. भिंतीवर उंचीची पट्टी, एक स्टूल, आणि फाइलच्या पहिल्या पानावर एक तक्ता. त्यात तारीख, उभी उंची, बसकी उंची, रक्त चढवण्याआधीचे हिमोग्लोबिन, फेरिटिन, ‘ड’ जीवनसत्त्व, कॅल्शियम, कमरेच्या मणक्यांचा झेड-स्कोअर, बाजूच्या एक्स-रेचा निकाल आणि वयात येण्याच्या खुणा. परिचारिकेची पाच मिनिटे जातील. मूल अठरा वर्षांचे झाले की बालरोग विभागातून मेडिसिन विभागात जाते, आणि नेमकी तिथेच जुनी फाइल मागे राहते, नव्या डॉक्टरांना आधीची उंची कळत नाही, मग घट झाली की नाही हेही कळत नाही. पालकांनी या पानाची झेरॉक्स आणि सगळे डेक्सा अहवाल, छायाचित्रांसकट, प्लास्टिकच्या पाकिटात घालून स्वतःजवळ ठेवावेत आणि विभाग किंवा गाव बदलताना सोबत न्यावेत.

आपले,
थॅलेसेमिया रुग्णांच्या उपचारांत काम करणारे काही डॉक्टर, परिचारिका व फिजिओथेरपिस्ट
कोल्हापूर